झोपलेल्या यंत्राच्या दारावरची घंटा

प्रयोग तोच, साहित्य तेच, परिस्थितीही तीच. तर निष्कर्षही तोच आला पाहिजे. विज्ञानाच्या शिक्षकाला हे वाक्य वर्षातून किती वेळा उच्चारावे लागते, याची गणती नाही. संगणक हे या नियमाचे सर्वांत आज्ञाधारक उदाहरण आहे, असा आपला समज असतो. तीच आज्ञावली आणि तीच माहिती दिली की दर वेळी तेच उत्तर. परंतु लॅपटॉप मिटून ठेवला आणि पुन्हा उघडला, तर नव्व्याण्णव वेळा तो नीट जागा होतो आणि शंभराव्या वेळी पडदा काळा तो काळाच राहतो, हा अनुभव पुष्कळांनी घेतला असेल. यंत्र तेच, आज्ञावली तीच. मग शंभराव्या वेळी वेगळे काय घडले? या प्रश्नाचे मूळ शोधू लागलो, तर आपण लॅपटॉपच्या जन्माच्या कितीतरी मागे, १९५०च्या दशकात जाऊन पोचतो.

त्या काळचा संगणक आणि त्याला जोडलेली उपकरणे यांच्या वेगांत प्रचंड तफावत होती. (ती आजही आहे.) विजेवर चालणारे टंकलेखन यंत्र सेकंदाला दहाएक अक्षरे उमटवी; दोन अक्षरांच्या मधल्या वेळात संगणकाच्या हजारभर आकडेमोडी सहज होऊन जात. मग संगणकाने करायचे काय? "झाले का अक्षर?" "नाही." "आता झाले का?" "अजून नाही." अशी विचारणा करीत बसायचे. लाखो रुपयांचे यंत्र आणि त्याचा बहुतेक वेळ असा विचारण्यात जाणार! मुख्याध्यापकांच्या शिपायाने दर मिनिटाला खोलीत डोकावून "साहेब, काही काम?" असे विचारावे, तसाच हा प्रकार. त्यावर शाळांनी फार पूर्वीच उपाय शोधला आहे. मेजावर घंटा ठेवायची. ती वाजेपर्यंत शिपायाने आपले दुसरे काम करावे. वाजली की हातातले काम आहे तिथे थांबवावे, साहेबांचे काम करून यावे, आणि थांबवले होते तिथूनच पुढे सुरू करावे.

संगणकाच्या मेजावरील या घंटेला इंटरप्ट म्हणतात. आपण तिला 'व्यत्यय' म्हणू. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने १९५४ साली पुरा केलेल्या 'डिसिॲक' या संगणकात बाहेरच्या उपकरणाने दिलेल्या संकेतावर चालू काम बदलण्याची सोय होती. पुढची आज्ञा कोणती, हे लक्षात ठेवणारे गणक या यंत्रात दोन होते. संकेत आला की यंत्र एका गणकावरून दुसऱ्यावर उडी घेई. हा संगणक लष्करासाठी होता आणि ट्रकने ओढायच्या गाड्यांत बसवलेला होता, हे जाता जाता सांगण्यासारखे. पुढे क्लीव्हलंडच्या विमानविद्या प्रयोगशाळेत 'युनिव्हॅक' संगणकावरही अशीच सोय झाली. तेथील वातबोगद्यातून मोजमापे येऊ लागली की यंत्राने दुसरी आकडेमोड बाजूला ठेवायची, आलेली मोजमापे पदरात घ्यायची आणि मग मूळ कामाकडे वळायचे. १९५६ साली या योजनेवर एका परिषदेत निबंधही वाचला गेला.

युक्ती साधी, उपयुक्त आणि वेळ वाचवणारी. तिला भ्यायला कुणाला काही कारण दिसत नव्हते. एका माणसाला मात्र दिसले.

ॲमस्टरडॅमच्या गणित केंद्रात एड्सखर डाइक्स्ट्रा नावाचे तरुण आज्ञावलीकार होते. लोपस्ट्रा आणि स्कोल्टन हे त्यांचे सहकारी संगणकाची जुळणी करीत, आणि डाइक्स्ट्रा त्याच्यासाठी आज्ञावल्या लिहीत. 'एक्स-१' या नव्या संगणकात व्यत्ययाची सोय करू या, असे सहकाऱ्यांनी सुचवले तेव्हा डाइक्स्ट्रा घाबरले. पुढे लिहिलेल्या आठवणींत त्यांनी या शोधाला पँडोराच्या पेटीची उपमा दिली आहे. कारण असे, की घंटा नेमकी कोणत्या क्षणी वाजेल हे आज्ञावलीकाराच्या हातात नसते. आज ती विसाव्या आज्ञेनंतर वाजेल, उद्या एकविसाव्या. म्हणजे तीच आज्ञावली तीच माहिती घेऊन चालवली, तरी आतल्या घटनांचा क्रम दर वेळी वेगळा. चूक एकदा दिसली तर ती पुन्हा दिसेलच याची खात्री नाही. आणि जी चूक पुन्हा दाखवता येत नाही ती शोधायची तरी कशी? तोवर संगणकाचे जे वैशिष्ट्य मानले जात होते तेच या घंटेने काढून घेतले होते. सहकाऱ्यांनी अखेर त्यांचे मन वळवले. १९५९ साली डाइक्स्ट्रांनी ॲमस्टरडॅम विद्यापीठात जो प्रबंध सादर केला, तो एक्स-१चा बाहेरच्या उपकरणांशी संवाद कसा चालावा याविषयी होता, आणि व्यत्यय हाताळणारी आज्ञावली हा त्याचा गाभा होता. चाचण्या घेऊन अशा आज्ञावलीची खात्री पटणार नाही, ती बरोबर आहे हे विचाराने सिद्धच करावे लागेल, हा त्यांचा आग्रह इथूनच वाढीला लागला. माझ्या मते संगणकशास्त्राच्या इतिहासात या भीतीला अनेक शोधांपेक्षा मोठे स्थान आहे.

डाइक्स्ट्रांच्या पुढचा प्रश्न निदान जाग्या यंत्राचा होता. त्यात झोपेची भर पडली ती तीस वर्षांनी.

१९८१ साली आलेल्या आय.बी.एम. पी.सी.मध्ये व्यत्ययाच्या आठ तारा होत्या, १९८४च्या 'ए.टी.' नमुन्यात दोन चिप जोडून वापरण्याजोग्या पंधरा झाल्या. एका तारेवर साधारणपणे एकच उपकरण. उपकरणे वाढली तशा तारा अपुऱ्या पडू लागल्या. १९९२ साली आलेल्या पी.सी.आय. पद्धतीत यावर तोड निघाली, ती अशी की अनेक उपकरणांनी एकच तार वाटून घ्यायची.

याचा अर्थ चाळीत राहिलेल्यांना समजावून सांगायला नको. मजल्याच्या जिन्याशी एकच घंटा, आणि बिऱ्हाडे चार. घंटा वाजली की प्रत्येक दाराशी जाऊन "तुमच्याकडे कुणी आले आहे का?" असे विचारायचे. ज्याच्याकडे पाहुणा आला असेल त्याने "हो" म्हणून त्याला आत घ्यायचे, म्हणजे घंटा थांबते. लक्षात ठेवण्याची गोष्ट ही, की पाहुण्याने घंटेचे बटण दाबून धरलेले असते. त्याची दखल घेतली जाईपर्यंत तो बोट उचलत नाही. ही सारी व्यवस्था एका गृहीतावर उभी आहे, ते म्हणजे विचारले असता प्रत्येक बिऱ्हाड खरे उत्तर देईल.

आता या चाळीत झोप आली. बॅटरीवर चालणाऱ्या संगणकाची वीज वाचवायची, तर काम नसताना त्याला झोपवले पाहिजे. स्मृतीपुरती वीज चालू ठेवायची, बाकी बहुतेक सगळे बंद करायचे आणि झाकण उघडताच होते तिथून पुढे सुरू करायचे. १९९०च्या सुमारास हे काम यंत्रातच कोरलेली मूळ आज्ञावली परस्पर करीत असे. इंटेलच्या '३८६ एस.एल.' या चिपमध्ये यासाठी एक खास व्यत्यय होता. तो आला की मुख्य कार्यप्रणालीला न कळत चिप दुसऱ्याच आज्ञावलीकडे जाई. झोपणाऱ्यालाच आपण झोपलो होतो याचा पत्ता नसे! इंटेल आणि मायक्रोसॉफ्ट यांनी १९९२ साली काढलेल्या ए.पी.एम. या मानकात कार्यप्रणालीला विचारण्याची पद्धत आली, तरी कारभार मूळ आज्ञावलीकडेच राहिला. तिला कारखान्यात बसवलेली उपकरणे माहीत असत; तुम्ही नंतर एखादे कार्ड जोडलेत तर त्याला कसे झोपवायचे, हे तिला कोण सांगणार? डिसेंबर १९९६मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी मिळून ए.सी.पी.आय. हे मानक प्रसिद्ध केले, आणि कारभार कार्यप्रणालीच्या हाती आला. त्याबरोबर जबाबदारीही आली. प्रत्येक उपकरणासाठी लिहिलेल्या आज्ञावलीला, म्हणजे ड्रायव्हरला, आता दोन नवी कामे शिकावी लागली: आपले उपकरण झोपवणे आणि उठवणे.

पुढची हकिगत लिनक्स या कार्यप्रणालीची आहे. तिचा गाभा, ज्याला कर्नल म्हणतात (हा लष्करातला कर्नल नव्हे, दाण्यातला गर), तो जगापुढे खुला असल्यामुळे त्यातील चुका आणि दुरुस्त्या तारीखवार पाहता येतात. इतिहास लिहिणाऱ्याला अशी दप्तरे क्वचितच मिळतात.

झोपेतून उठताना घडे ते असे. वीज आली, प्रोसेसर जागा झाला आणि उपकरणे एकामागून एक उठू लागली. समजा, यू.एस.बी.चे उपकरण उठले आणि त्याने घंटा वाजवली. त्याच तारेवर ध्वनीचे उपकरण आहे, आणि ते अजून झोपलेलेच आहे. कर्नल रिवाजाप्रमाणे दोघांच्याही ड्रायव्हरांना विचारतो. ध्वनीचा ड्रायव्हर आपल्या उपकरणाच्या स्थितिदर्शक कप्प्यात काय आहे ते वाचू जातो. पी.सी.आय. पद्धतीत झोपलेल्या उपकरणाकडून उत्तर आले नाही, की वाचणाऱ्याच्या हाती सगळे 'एक' पडतात: बत्तीसच्या बत्तीस बिट '१'. स्थितिदर्शक कप्प्यात प्रत्येक बिट हा एकेका प्रश्नाचे उत्तर असतो. माहिती आली का? जागा भरली का? काही बिघडले का? सगळे बिट '१' म्हणजे सगळ्या प्रश्नांना "हो". गाढ झोपेतल्या माणसाला काहीही विचारा, तो "हूं" म्हणतो, तसेच हे. भोळा ड्रायव्हर त्या "हूं"वर विश्वास ठेवतो, नसलेल्या पाहुण्याचे स्वागत करतो, पुन्हा वाचतो, पुन्हा सगळे '१', आणि या फेऱ्यातून तो कधीच बाहेर पडत नाही. यंत्र गोठते.

याच्या उलटही घडते. मूळ आज्ञावलीने वीज देता देता एखादे उपकरण अर्धवट जागे करून ठेवले आणि ते घंटा दाबून बसले. पण त्याचा ड्रायव्हर अजून कामावर आलेला नाही. बाकीचे सगळे प्रामाणिकपणे "आमच्याकडे कुणी नाही" म्हणतात. घंटा वाजतच राहते. अशा वेळेसाठी लिनक्समध्ये एक कठोर नियम आहे. एका तारेवरच्या १,००,००० हाकांपैकी ९९,९००हून अधिक हाकांना कुणीच ओ दिली नाही, तर कर्नल 'नोबडी केअर्ड', म्हणजे 'कोणी दखल घेतली नाही', अशी नोंद करून ती तारच तोडून टाकतो. यंत्र वाचते, पण त्या तारेवरची निर्दोष बिऱ्हाडेही घंटेला मुकतात. लॅपटॉप उठला पण आवाज गेला, किंवा नेटवर्क गेले, अशा काही तक्रारींचे मूळ इथे सापडते.

मग झोपण्याउठण्याच्या वेळी प्रोसेसरनेच कानात बोळे घालून का बसू नये? २००९पूर्वी शेवटच्या टप्प्यात हेच केले जाई; प्रोसेसर सर्व व्यत्यय बंद करून घेई. पण त्याने दुसरी अडचण उभी राहिली. पी.सी.आय. उपकरण गाढ झोपेतून उठवल्यावर त्याला सावरायला १० मिलिसेकंद द्यावे लागतात. दहा मिलिसेकंद थांबायचे तर घड्याळाचा ठोका हवा, आणि तो ठोका हाही एक व्यत्ययच! शिवाय ए.सी.पी.आय.च्या कित्येक क्रिया अशा, की त्यांना मध्ये थांबून वाट पाहावी लागते. कान बंद केलेल्या यंत्राला वाट पाहता येत नाही. त्यामुळे वीज देण्याघेण्याचे नाजूक काम आधीच्या टप्प्यात, म्हणजे घंटा चालू असताना करावे लागे, आणि नेमका तिथेच घोटाळा होई.

अशी चूक शोधणे किती अवघड असते याची कल्पना यावी म्हणून २००६ सालची एक युक्ती सविस्तर सांगतो. यंत्र उठता उठता गोठले, की पडदा काळा, चकती अजून झोपलेली आणि स्मृतीतले सारे पुन्हा सुरू करताना पुसले जाणार. कोणत्या ओळीवर यंत्र गोठले, याचा पुरावा ठेवायचा कुठे? लिनक्सचे जनक लिनस टॉरव्हाल्ड्स यांच्या लक्षात आले, की या सगळ्या पडझडीत एक गोष्ट टिकते, ती म्हणजे छोट्या बॅटरीवर चालणारे तारीख-वेळेचे घड्याळ. त्यांनी उठण्याच्या प्रत्येक पायरीवर त्या पायरीचा सांकेतिक क्रमांक घड्याळात 'तारीख' म्हणून लिहायची व्यवस्था केली. यंत्र गोठले की पुन्हा सुरू करायचे आणि घड्याळ काय दाखवते ते पाहायचे. कुठल्या तरी भलत्याच वर्षातली भलतीच तारीख दिसे, आणि तिच्यावरून उलट हिशेब करून कर्नल ओळ सांगे.

एका घड्याळात किती क्रमांक मावतात, हा हिशेब नववीच्या वर्गात फळ्यावर करण्यासारखा आहे. वर्षे १००, महिने १२, दिवस २८ (फेब्रुवारीतही चालले पाहिजेत म्हणून), तास २४, आणि मिनिटांचे तीन-तीन मिनिटांचे २० गट. गुणाकार १,६१,२८,००० येतो. मिनिटांचे गट का, तर घड्याळ मधल्या काळातही चालतच राहते. तीन मिनिटांच्या आत यंत्र पुन्हा सुरू केले नाही, तर पुरावा पुढच्या गटात सरकतो! साक्षीदार खरे बोलणारा आहे, पण त्याची आठवण तीन मिनिटांची.

पुढे २००८च्या सुमारास कर्नलमध्ये आणखी एक सोय रुळली. झोपेची प्रक्रिया हव्या त्या पायरीवर थांबवायची, पाच सेकंद तसेच राहायचे आणि तिथूनच माघारी फिरायचे. प्रत्यक्ष न झोपता झोपेची रंगीत तालीम. कोणत्या पायरीपर्यंत जाऊन परत येता येते आणि कोणत्या पायरीनंतर नाही, हे पाहिले की दोषाचे ठिकाण आकुंचित होत जाते. एका वेळी एकच चल बदलायचा, बाकीचे स्थिर ठेवायचे. आपण प्रयोगशाळेत शिकवतो तेच.

दुरुस्ती झाली ती जून २००९मध्ये प्रसिद्ध झालेल्या २.६.३० या आवृत्तीत. पोलंडचे राफाएल विसोत्स्की यांनी मधली वाट काढली. प्रोसेसरचे कान बंद करायचे नाहीत. उपकरणांच्या घंटांच्या तारा मात्र एकेक करून सोडवायच्या, आणि घड्याळाची तार तेवढी जोडलेली ठेवायची. आधी सर्व ड्रायव्हरांनी आपापली उपकरणे शांत करावीत. मग तारा सुटाव्यात, आणि त्या क्षणी एखादा ड्रायव्हर आधीच्या घंटेचे काम करीत असेल तर त्याचे काम संपेपर्यंत थांबावे. (हे थांबणे विसरले तर सारेच फुकट.) त्यानंतर जो निवांत काळ मिळतो, त्यात उपकरणांची वीज काढावी. या काळात यंत्राला वाट पाहता येते, कारण ठोका चालू आहे. आणि कुणाही ड्रायव्हरला झोपलेल्या उपकरणाला प्रश्न विचारण्याची पाळी येत नाही. त्यानंतरच प्रोसेसरने पूर्ण कान मिटून झोपी जावे. उठताना याच्या बरोबर उलट: आधी सगळी उपकरणे विजेवर येतील, आणि मगच तारा जोडल्या जातील. पाहायला गेले तर यात नवे यंत्र नाही, नवे गणित नाही. आहे तो फक्त क्रम. पण हा क्रम सापडेपर्यंत शेकडो ड्रायव्हरांनी आपापल्या परीने ठिगळे लावलेली होती.

घंटेने झोपमोड होऊ नये, हा प्रश्न असा सुटला. पण काही घंटांनी झोपमोड झालीच पाहिजे! खिशातला फोन घ्या. २००८पासून बाजारात आलेल्या अँड्रॉइड फोनांत लिनक्सचाच कर्नल आहे, आणि पडदा विझला की हे फोन पुन्हा पुन्हा झोपी जातात. लॅपटॉप दिवसातून चारदा झोपत असेल, तर फोन शेकडो वेळा. जी चूक हजारात एकदा घडणारी, ती आता आठवड्यातून एकदा घडणार.

शाळा सुटल्यावर कुलूप लावणाऱ्या शिपायाचा विचार करा. तो सगळे वर्ग फिरून पाहतो; कुणी नाही. मग फाटकाकडे येतो आणि कुलूप घालतो. पाहणे आणि कुलूप घालणे यांच्या मधल्या अर्ध्या मिनिटात एखादे मूल विसरलेले दप्तर आणायला मागच्या दाराने आत गेले तर? शिपायाने हयगय केली नाही, मुलानेही काही चुकीचे केले नाही. तरी मूल कोंडले गेले. फोनच्या बाबतीत झोपायचा निर्णय होतो, आणि पुढच्याच क्षणी निरोप येतो. घंटा वाजते, कर्नल तिची दखल घेतो, घंटा थांबते. पण तो निरोप ज्या आज्ञावलीने वाचायचा ती आधीच झोपवली गेली आहे. फोन निरोप पोटात घेऊन झोपतो. घंटेला उत्तर दिले गेलेले असल्यामुळे ती पुन्हा वाजणार नाही.

गूगलने यावर 'जागरणाचे कुलूप' अशी योजना केली होती: ज्याचे काम चालू असेल त्याने ते धरून ठेवायचे, आणि सगळी कुलुपे सुटल्याशिवाय फोनने झोपायचे नाही. २००९-१०मध्ये ती लिनक्सच्या मुख्य कर्नलमध्ये घ्यावी की नाही यावर फार मोठा वाद झाला. हातात येईल त्याने कुलूप धरून बसावे आणि बॅटरी संपावी, अशी धास्ती अनेकांना वाटत होती, आणि ती अगदीच निराधार नव्हती. २०१०मध्ये विसोत्स्की यांनी निराळी तोड काढली. जागे करणाऱ्या घटना कर्नलने मोजत राहायच्या. झोपायचे ठरवणाऱ्याने आधी तो आकडा वाचून घ्यायचा, शिल्लक कामे उरकायची आणि झोपण्यापूर्वी तोच आकडा कर्नलला परत द्यायचा. मधल्या काळात एक जरी घटना घडली असेल, तर आकडे जुळत नाहीत, आणि कर्नल झोपायला नकार देतो. आमच्या शिपायाने फाटकातून आत गेलेल्यांचा आकडा फेरी सुरू करताना वहीत टिपावा आणि कुलूप लावताना पुन्हा ताडून पाहावा, तसे हे. मूल कोणत्याही क्षणी आत शिरो, ते सापडतेच. घंटा केव्हा वाजेल हे ठरवणे हातात नाही, हे डाइक्स्ट्रांचे दुखणे इथेही तसेच आहे. फक्त ती कोणत्याही क्षणी वाजली तरी उत्तर बरोबर यावे, अशी रचना केली आहे.

तरी घोळ संपला नाही. त्याच वर्षी कर्नलमध्ये 'ही तार सोडवू नका' असे सांगणारी एक खूण आली होती. ती घड्याळासारख्या मोजक्या उपकरणांसाठी होती, पण यंत्राला जागे करण्याचा सोपा मार्ग समजून अनेक ड्रायव्हरकारांनी ती सरसकट वापरली. तार जोडलेली राहणे आणि त्या तारेने यंत्र जागे होणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हे २०१४ साली विसोत्स्की आणि थॉमस ग्लाइक्सनर यांनी व्यवस्था नव्याने लावली तेव्हा कागदावर स्पष्ट लिहिले गेले. नव्या व्यवस्थेत जागे करणारी घंटा झोपण्याच्या वाटेवर वाजली, तर ड्रायव्हरला उठवले जात नाही. घंटेची नोंद होते, तार तेवढ्यापुरती बंद केली जाते, झोपेची प्रक्रिया जागच्या जागी सोडून दिली जाते, आणि सगळी उपकरणे उठल्यावर ती राखून ठेवलेली हाक ड्रायव्हरला दिली जाते. लगेच २०१५मध्ये एक गमतीची अडचण पुढे आली. ॲटमेल कंपनीच्या काही चिपांवर घड्याळाचा ठोका आणि इतर उपकरणे एकाच तारेवर होती. ठोक्याची तार सोडवायची नाही आणि शेजाऱ्याची सोडवलीच पाहिजे; पण तार एकच! त्यासाठी आणखी एक खूण निघाली. तिचा अर्थ असा: माझा शेजारी जागा राहणार आहे हे मला ठाऊक आहे, आणि झोपेतही मला विचारलेत तर मी भलते उत्तर देणार नाही. चाळीतल्या बिऱ्हाडाकडून लिहून घेतलेले हमीपत्रच ते.

दरम्यान झोपेचा प्रकारही बदलत गेला. २०१२च्या विंडोज ८पासून लॅपटॉपनेही फोनप्रमाणे अर्धवट जागे राहावे असा आग्रह सुरू झाला; लिनक्समध्ये २०१३ साली त्याच जातीची उथळ झोप आली. या झोपेत प्रोसेसरची वीज तुटत नाही, तो नुसता निपचित पडतो आणि साध्या व्यत्ययाने उठतो. २०२०नंतरच्या पुष्कळ लॅपटॉपांत जुनी गाढ झोप उपलब्धच नसते. पूर्वी झोपलेल्या यंत्राच्या दाराशी मोजक्याच घंटा होत्या, आता कितीतरी अधिक आहेत. मिटून पिशवीत ठेवलेला लॅपटॉप प्रवासात गरम झालेला सापडतो, तो बहुधा कुठली तरी घंटा ऐकून उठून बसलेला असतो.

शाळेत लिनक्सवर चालणारा संगणक असेल, तर विद्यार्थ्यांना हे प्रत्यक्ष दाखवता येईल. 'प्रोक' या कप्प्यातील 'इंटरप्ट्स' नावाची फाईल उघडली, की कोणत्या तारेवर किती वेळा घंटा वाजली याचे आकडे दिसतात. माऊस हलवून ती पुन्हा उघडली की कोणता आकडा वाढला तेही कळते. एकाच ओळीत दोन-तीन उपकरणांची नावे दिसली, तर ती आपली चाळ. उथळ झोपेतून उठलेल्या यंत्रावर 'सिस' कप्प्यातील 'पॉवर'मध्ये 'पी.एम. वेकअप आय.आर.क्यू.' या नावाची फाईल असते, आणि तीत एकच संख्या असते: ज्या तारेने यंत्राला शेवटचे जागे केले तिचा क्रमांक. पुष्कळ पी.सी.वर तिथे ९ दिसतो. तो ए.सी.पी.आय.चा क्रमांक, म्हणजे झाकण, वीजबटण, बॅटरी अशी अनेक बिऱ्हाडे त्या एकाच घंटेमागे आहेत, आणि नेमके कोण उठले हे पुढे दारोदार विचारावे लागते.